नकार कां टिकला नाहीं?

शेक्सपियरचें ‘मॅक्बेथ’ वर्गांत शिकवितांना एका ठिकाणीं माझा आवाज दरवर्षीं किंचित् कांपतो. तें ठिकाण खुनाचें नव्हे, खुनापूर्वींचें आहे.

तूं राजा होशील, असें चेटकिणींनीं मॅक्बेथला सांगितलें आहे. स्कॉटलंडचा राजा डंकन आज त्याच्याच वाड्यांत पाहुणा आहे. भोजन चाललें असतां मॅक्बेथ उठून एकटाच बाहेर येतो. आपण राजाचे आप्त, प्रजाजन आणि आज यजमान. मारेकऱ्यासाठीं दार बंद करावयाचें, तर आपणच सुरी कशी धरावी? शिवाय राजा सौम्य व निष्कलंक. हें सारें त्याला उमगतें. आणि पत्नी येतांच, हा बेत येथेंच थांबवूं, असें तो स्पष्ट सांगतो. ती त्याला भ्याड म्हणते; आणि थोड्याच वेळांत तो नकार गळून पडतो.

कां? कारण तिला त्यानें खरें कारण सांगितलेंच नाहीं. ‘हें पाप आहे’ असें न म्हणतां, राजानें नुकताच मान दिला, लोक वाखाणूं लागले, तो लौकिक इतक्यांत कां दवडावा, एवढेंच तो बोलला. लौकिकावर उभारलेला नकार टोमण्यानें ढांसळला. चेटकिणींचें भाकीत बँकोनेंही ऐकिलें होतें. दुष्ट विचार त्यालाही झोंपेंत छळीत. पण ते आवरावे म्हणून त्यानें दैवी शक्तींची करुणा भाकिली.

मी वसतिगृहांत असतांना खाणावळीच्या पैशांची पेटी माझ्याकडे असे. परीक्षेच्या फीची मुदत भरत आली, आणि घरची मनिऑर्डर येईना. एका रात्रीं पेटी पुढें घेऊन मी बसलों. ‘कोणाला कळलें तर?’ असें मीं मनाला शंभरदां विचारिलें. ‘हे पैसे कोणाचे?’ असें एकदांही नाहीं. पहाटे मीं ते घेतले. आठ दिवसांनीं परत ठेविले. कोणाला कळलें नाहीं.

त्याच वर्षीं हें नाटक आम्हांस लाविलें होतें. खून करून आलेला मॅक्बेथ पत्नीस म्हणतो, कीं ‘आमेन’ हा शब्द माझ्या घशांतच अडकला. मीं पुस्तक मिटलें. सायंप्रार्थनेंत माझेंही तेंच होत होतें. दुसऱ्या दिवशीं मीं अधीक्षकांना सर्व सांगितलें. त्यांनीं पेटीची किल्ली काढून घेतली. तें योग्यच झालें. त्या रात्रीं प्रार्थना मात्र पुरी म्हणतां आली.

विद्यार्थिमित्रहो, मोहाला नकार सर्वच देतात. तुम्हीं त्याचें खरें कारणही पहिल्याच वेळीं, स्पष्ट शब्दांत सांगा.