२५ नंबर कोठीत वाजतो

वीज गेली तरी फोन चालायचा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा. संध्याकाळी दिवे जायचे, पंखा थांबायचा, टीव्ही गप्प व्हायचा, आणि त्या काळोखात फोन मात्र खणखणायचा. "तुमच्याकडेही गेली का हो?" एवढं विचारायला तरी कोणीतरी करायचंच! त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटत नसे.

त्यातलं विशेष मला एका निवृत्त लाइनमन आजोबांनी समजावून सांगितलं. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात मी आठवड्यातून दोनदा जाते. कुणाला पेपर वाचून दाखवते, कुणाची पत्रं लिहून देते, ऑफिसातली थोडी लिखापढी करते. आजोबा तिथेच राहतात. आता चाकाच्या खुर्चीत असतात, पण डोकं अगदी तल्लख. ते म्हणाले, "बाई, जुन्या फोनला घरातली वीज लागायचीच नाही. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या. तांब्याच्या दोन तारांतून तिथूनच वीज यायची. घंटीसुद्धा तिथूनच वाजवायचे. तुमच्या गल्लीत अंधार झाला, तरी एक्स्चेंज जागं!"

ऑफिसात मात्र तारा थेट फोनपर्यंत येत नाहीत. मध्ये एक पेटी बसते, ईपीएबीएक्स नावाची. बाहेरच्या एक-दोन लाइनी तिच्यात येतात, आणि तिच्यातून खोल्याखोल्यांत फोन जातात. ही पेटी आपल्या विजेवर चालते. म्हणजे एक्स्चेंजनं जे काम इतकी वर्षं बिनबोभाट केलं, ते पेटी घेतल्या दिवसापासून आपल्याकडे आलं. पण हे कुणी सांगतही नाही आणि कुणी विचारतही नाही.

आता आश्रमात काय झालं ते सांगते. मे २०२४ मध्ये वळवाचा मोठा पाऊस झाला. रात्री वीज गेली ती पहाटे आली. यूपीएसनं तासाभरातच मान टाकली होती. वीज आल्यावर लिपिकानं रिसीव्हर उचलून पाहिला. टोन होता. झालं, सगळ्यांना वाटलं फोन ठीक आहेत.

त्याच रात्री वरच्या मजल्यावरच्या एका आजींना धाप लागली. नर्सबाईंचा नंबर २५. त्यांनी फिरवला. पलीकडे घंटी वाजते आहे असं ऐकू येत होतं, पण कुणी उचलेना. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या पलंगावरच्या आजी, वय ८१, भिंत धरधरून जिना उतरल्या आणि नर्सबाईंना उठवून घेऊन आल्या. औषध मिळालं, ऑक्सिजन लागला, आजी सावरल्या. पण विचार करा, त्या जिन्यात दुसऱ्या आजी पडल्या असत्या तर?

सकाळी ऑफिसात कल्लोळ. सगळ्यांचं बोट नर्सबाईंकडे. "झोपल्या असणार!" त्या बिचाऱ्या रडकुंडीला येऊन सांगत होत्या, की फोन वाजलाच नाही. "मग आजींनी ऐकली ती घंटी कसली?" याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना ठेवायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. इकडे दुरुस्तीवाल्यानं फोनवरूनच निदान करून टाकलं, "पेटी जळली, नवीन घ्या."

मी तीसच्या वर वर्षं वर्गात काढली. शाईची दौत सांडली की मुलं आधी नेहमीच्याच एका पोराकडे बोट दाखवतात. मी दौत कुठे होती ते आधी पाहायची. इथेही तेच म्हटलं, आधी पाहू या तरी. आणि आजोबांची खुर्ची ऑफिसात ढकलत आणली.

आजोबांनी एक साधा, वायरचा फोन मागवला. बाहेरची लाइन पेटीतून काढून थेट त्या फोनला जोडायला लावली. टोन आला. म्हणजे एक्स्चेंजकडे दोष नाही. मग तोच फोन पेटीच्या एकेका जागेवर लावला. तिथेही टोन. म्हणजे पेटी जळलेली नाही. मग नर्सबाईंच्या खोलीतला फोन उचलला, तोही जिवंत. म्हणजे वायर शाबूत.

"आता सगळे गप्प बसा," आजोबा म्हणाले, "आणि वरून २५ फिरवा."

आम्ही कान देऊन उभे. घंटी वाजली... धान्याच्या कोठीत! कोठीला रात्री कुलूप असतं.

उलगडा असा. कुठल्या फोनला कोणता नंबर, ही यादी पेटीच्या स्मरणात असते. वीज नसताना ते स्मरण जागं ठेवायला आमच्या पेटीत नाण्याएवढी, ३ व्होल्टची एक बॅटरी आहे. बसवल्यापासून ती कुणी बदललीच नव्हती. एरवी पेटी बंद पडत नसे, म्हणून ती संपल्याचं कळलं नाही. त्या रात्री यूपीएसही गेला आणि पेटी सगळं विसरली. वीज आल्यावर तिनं कारखान्यातून निघतानाचे नंबर लावून घेतले. पहिल्या जागेला २१, दुसरीला २२... पाचव्या जागेवर कोठी, म्हणून कोठीला २५.

बंद पडलेला फोन निदान कळतो तरी. चुकीच्या जागी वाजणारा कळत नाही, आणि दोष मात्र माणसावर येतो.

बॅटरी शंभर रुपयांच्या आत आली. लिपिकानं माहितीपुस्तिका शोधून काढली, खोल्यांमधल्या चिकटपट्ट्यांवरून मी जुनी यादी उतरवली, आणि दुपारपर्यंत नंबर परत घातले. मग आजोबांनी पेटी दहा मिनिटं मुद्दाम बंद ठेवायला लावली. पुन्हा चालू केली आणि २५ फिरवला. या वेळी नर्सबाईंच्या टेबलावर वाजला, तेव्हा कुठे ते "झालं" म्हणाले. पेटीत आणखी एक सोय निघाली. वीज गेली की बाहेरची लाइन आपोआप एका ठरावीक फोनला थेट जोडली जाते. तो फोन आता नर्सबाईंकडे आहे.

समितीच्या गृहस्थांनी त्यांची माफी मागितली का? नाही. "चला, उलगडा झाला," एवढंच म्हणाले. माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

आता बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या तारा जाऊन फायबर आलं आहे. काचेच्या त्या तंतूतून प्रकाश येतो, फोन चालवायला वीज येत नाही. म्हणजे घरातली पेटी बंद, की फोन बंद. नव्या ऑफिसांत तर इंटरनेटवरचे फोन असतात. वीज परत आली की राउटर आधी जागा व्हावा लागतो. फोन आधी जागे झाले तर कधीकधी मुके बसून राहतात, मग ते एकदा बंद करून चालू करावे लागतात. दुरुस्तीची रीत मात्र आजोबांचीच. बाहेरून आत या, एका वेळी एकच गोष्ट तपासा, आणि टोन आला म्हणून थांबू नका, नंबर फिरवून बघा.

आश्रमात आता पेटीशेजारी एक कागद लावला आहे. कुठला फोन कोणत्या जागेवर, बॅटरी कधी बदलली, आणि वीज आल्यावर काय तपासायचं, सगळं त्यावर आहे. अक्षर माझं, मजकूर आजोबांचा. वीज येऊन गेली की लिपिक प्रत्येक खोलीतून २५ फिरवून बघतो आणि वहीत सही करतो.

आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी जे दवाखाने, शाळा, वसतिगृहं चालवतात, त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. तुमच्याकडचा असा २५ नंबर कोणता, आणि वीज गेल्यानंतर तो कुठे वाजतो, ते या आठवड्यात बघा. आणि मला जरूर कळवा.