वरंध घाटातला एक रविवार

त्या रविवारी आम्ही फक्त नाश्त्याला बाहेर पडलो होतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, पाऊस उघडला होता आणि अयानने हायवेवरच्या मिसळीचा हट्ट धरला होता. मिस्टर कामासाठी नाशिकला गेलेले, त्यामुळे गाडी मी चालवत होते. शेजारी अब्बा, मागे अम्मी आणि अयान. कात्रजचा बोगदा गेला, खेड शिवापूर गेलं, मिसळ खाऊन झाली. कापूरहोळला गाडी परत वळवणार, तेवढ्यात अब्बांनी उजवीकडच्या रस्त्याकडे बोट केलं.

"भोरपर्यंत जाऊन येऊ. नीरेला पाणी किती आहे बघू."

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी महाड-पुणे गाडी वरंध घाटातून चालवली. २०२१ च्या जुलैत महाडला महापूर आला आणि आमच्या घरात माणसाच्या उंचीच्या वर पाणी चढलं. अल्लाहच्या कृपेने जीव वाचले, बाकी सगळा चिखल झाला. तेव्हापासून अम्मी-अब्बा आमच्याकडे कोंढव्यात राहतात. अब्बा त्यानंतर एकदाही महाडला गेले नव्हते. घराचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जायचे. घर विकून टाकावं असं अम्मीचं म्हणणं होतं. एक गिऱ्हाईकही आलं होतं, महिनाअखेर त्याला उत्तर द्यायचं होतं.

भोर आलं. नीरेला पाणी भरपूर होतं. "एवढं आलोच आहोत तर देवघर धरण बघू," अब्बा म्हणाले. मी पेट्रोल भरून घेतलं. धरण आलं, तर म्हणाले, "इथून घाटमाथा काही लांब नाही."

मागून अम्मी म्हणाली, "तुमचं 'इथून लांब नाही' मला चाळीस वर्षं माहीत आहे."

पण ती हसत होती, म्हणून मी गाडी पुढे घेतली.

नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याला वळसे घालत हा रस्ता जातो. एका अंगाला निळंशार पाणी, दुसऱ्या अंगाला पिकत आलेली भातखाचरं. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती, ओलसर जागी गुलाबी तेरडा. गावं छोटी, वाहनं तुरळक. अयान खिडकीतून डोकं काढायला बघत होता आणि नानी त्याचा शर्ट धरून बसल्या होत्या.

आपण घाट चढतोय असं इकडून फारसं जाणवतच नाही. सह्याद्रीची पूर्वेकडची बाजू हळूहळू उतरते आणि पश्चिमेची एकदम कड्यासारखी तुटते. त्यामुळे माथ्यावर आल्यावर समोरची जमीन अचानक संपते. वाघजाईच्या देवळाजवळ, जिथे भज्यांच्या टपऱ्या आहेत, तिथे आम्ही उतरलो आणि अयान बोलायचाच थांबला. खाली खोल दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, आणि त्यांच्या अंगावर आडव्या पट्ट्या, कुणी रेघा ओढल्यासारख्या.

"नाना, या रेघा कसल्या?"

त्याचं उत्तर मी दिलं, शेवटी शाळेत भूगोल शिकवते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या.

मग अब्बांनी त्याला पुस्तकात न सापडणारी गोष्ट सांगितली. पाऊस पडत असताना ते बस इथे उभी करायचे आणि प्रवाशांना म्हणायचे, "या अंगाला पडलेला थेंब नीरेत जाणार, नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिकडे बंगालच्या उपसागराला. या अंगाला पडला तर सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्राला. मधे एवढाच रस्ता."

पूर्वी अब्बांची बस थांबली की न सांगता चहा यायचा, असं त्यांच्याकडून आम्ही शंभरदा ऐकलं होतं. आज टपरीवर एक तरुण पोरगा होता. तो अब्बांना ओळखत नव्हता. अब्बांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भजी सांगितली.

जुहरची वेळ झाली होती. पोराने वजूसाठी पाण्याची कळशी काढून दिली. टपरीमागच्या सपाट जागेवर आम्ही चादर अंथरली. आम्ही कोकणातले शाफई. सफरात चार रकअतींच्या जागी दोन पढण्याची सवलत आहे, चार पढल्या तरी नमाज होते. अब्बांनी दोनच पढल्या. सलाम फेरून ते दरीकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

मी गाडीची किल्ली हातात घेतली. परतायचं की पुढे जायचं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "घाट उतरवशील?"

मी याआधी असा घाट कधी उतरवला नव्हता आणि अब्बांनी मला उतरवूही दिला नसता. आता मात्र ते शेजारी बसून शांतपणे सांगत होते. "ज्या गिअरमध्ये चढलीस असती, त्याच गिअरमध्ये उतर. सारखा ब्रेक दाबू नकोस, तापला की धरत नाही. वळणाच्या आधी हॉर्न दे. समोरून चढणारी गाडी आली की तू थांब, चढणाऱ्याला आधी वाट." एका वळणावर समोरून टेम्पो आला तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

उतारांवर जागोजागी दरडी कोसळल्याच्या तांबड्या जखमा दिसत होत्या. याच महाड तालुक्यातलं तळिये गाव त्याच जुलैत, २२ तारखेला दरडीखाली गेलं. अम्मीने मागच्या सीटवर हलक्या आवाजात दुआ केली. डोंगर सुंदर दिसतो तो दुरून, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पावसाळ्यात रात्रभर झोप नसते.

वरंध गाव आलं, बिरवाडी आली, आणि मग महाड. आमच्या मोहल्ल्याचं वळण मला विचारावं लागलं नाही.

घराची चावी शेजारच्या चाचींकडे होती. "या," एवढंच त्या म्हणाल्या, जणू आम्ही सकाळी बाजाराला गेलो होतो. इतकी वर्षं त्या दर जुम्माला घर उघडून झाडत होत्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आत भिंतीवर पुराची रेघ अजून होती. अयानने तिच्याशी आपली उंची मोजली, हात वर करूनही पोहोचला नाही. अम्मी स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या फडताळावरून हात फिरवत उभी राहिली. मागच्या अंगणात फणस होता. तो पुरातूनही वाचला होता.

असरची वेळ झाली. अब्बांनी फणसाखाली चटई अंथरली आणि पुढे उभे राहिले. मागे अयान, त्याच्या मागे मी, अम्मी आणि चाचींची सून. दुसऱ्या रकअतीला अत्तहियात झाली. आता ते सलाम फेरतील म्हणून मी थांबले होते. अब्बा "अल्लाहु अकबर" म्हणत तिसऱ्या रकअतीसाठी उठून उभे राहिले.

नमाज झाल्यावर कुणीच काही बोललं नाही. चाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणलं. अंधारात घाट चढायचा नाही, असं अब्बांनी बजावलं, म्हणून मी बाईंना फोन करून सोमवारची रजा मागितली आणि आम्ही चाचींकडे मुक्काम केला. रात्री मोहल्ल्यातली माणसं भेटायला येत राहिली. अब्बांना एवढं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

कुणाला जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हे दिवस चांगले. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वाहतुकीला बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. भोरनंतर पेट्रोलचा भरवसा धरू नये, घाटात मोबाइलचाही नाही. शिवथरघळीकडे जाणारा फाटा याच वाटेवर आहे. सोबत पाणी, एक चादर आणि हाती वेळ असू द्यावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुण्यात पोहोचलो. संध्याकाळी घराच्या गिऱ्हाईकाचा फोन आला. अब्बा मगरिबला मशिदीत गेले होते, म्हणून अम्मीने घेतला.

"नाही भाऊ," ती म्हणाली, "ते घर विकायचं नाही. रंग काढायचाय त्याला."