घाण्यामागे पळीभर तेल

एडिनबरात राहायचं म्हणजे गावाकडच्या पाहुण्यांना किल्ला दाखवणं आलंच. चाळीसगावचे असोत की धुळ्याचे, सगळ्यांना तोफा आणि राजमुकुट बघायचा असतो. मी मात्र त्यांना आधी माथ्यावरच्या सेंट मार्गारेटच्या चॅपेलमध्ये नेते. ही सगळी खोली वीस-पंचवीस माणसांत भरून जाते. पण या शहरात आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत हीच. मार्गारेट राणी १०९३ मध्ये याच किल्ल्यावर वारली आणि ११३०च्या सुमारास तिचा मुलगा डेव्हिड राजा याने तिच्या नावाने हे बांधलं. १३१४ मध्ये रॉबर्ट ब्रूसच्या माणसांनी किल्ला घेतला, बाकीच्या इमारती पाडल्या, हिला हात लावला नाही. पुढे लोक तिला विसरले, आत बंदुकीची दारू साठवू लागले. १८४५ मध्ये डॅनियल विल्सन या अभ्यासकाने तिला पुन्हा ओळखलं.

बाहेरून साधी चौकोनी भिंत. आत शिरलं की पूर्वेकडचा गाभारा अर्धगोल निघतो, आणि त्याच्या तोंडाशी जाड कमान. कमानीच्या दगडांवर ओळीने करवतकाठी नक्षी कोरली आहे. मी तिच्यासमोर उभी राहते आणि डोक्यात हटकून पाटण येतं.

चाळीसगावहून अठराएक किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी, पाटणादेवीजवळच ते महादेवाचं देऊळ आहे. तेही साधारण याच काळातलं, बाराव्या शतकातलं मानतात. आपण त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो; पण हेमाडपंत यादवांच्या दरबारात आले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथल्या गवंड्याला कमान लागली नाही. खांबावर तुळई, तुळईवर आडवे दगड, कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकत छत लहान करत न्यायचं. कमान भिंतींना बाहेर रेटते, म्हणून तिला जाड खांदे लागतात. तुळई वजन सरळ खाली सोडते, आणि मग भिंतीला हवे तितके कोन काढायला मोकळीक मिळते. पाटणची भिंत कोनाकोनांनी आतबाहेर होत जाते आणि दुपारी प्रत्येक कोनाची सावली वेगळी पडते. इथली भिंत सपाट राहिली, सगळा जीव त्या एका कमानीत ओतला. मला दोन्ही सारखीच आवडतात. दोन्हीकडे पायाखाली काळा ज्वालामुखी खडक आहे, हे ऐकल्यावर आमचे पाहुणे जरा थबकून खाली बघतात.

पण पाटणचं खरं धन आहे तिथला शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८चा लेख. चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी, ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू; आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला दान दिलं. चांगदेवाचा बाप लक्ष्मीधर मोठा विद्वान, म्हणून राजा जैत्रपालाने त्याला याच गावातून दरबारी नेलं, असंही लेखात आहे. विद्येच्या जोरावर गाव सोडलेला आमच्या भागातला माणूस! त्याचा मुलगा परत गावाकडे वळला, मठ बांधायला. हे मला इथे बसून फार लागतं.

लेख संस्कृतात आहे, शेवट मात्र मराठीत. तिथे राजा बाजूला राहतो आणि बाजार पुढे येतो: पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा कर मठाला, आणि जे घाणे चालतात त्यांनी घाण्यामागे पळी-पळी तेल द्यायचं. तेल्याच्या घाण्यावर सिद्धान्तशिरोमणीचा दिवा जळत होता. मठ आज नाही. पेठ उठली, घाणे थांबले, तो कशावर चालणार?

चॅपेलमध्ये वेदीवर कायम ताजी फुलं असतात. स्कॉटलंडभरच्या मार्गारेट नावाच्या बायका पाळीपाळीने ती आणतात. १९४२ पासून त्यांचं मंडळच आहे. एकदा एक आजीबाई जुनी फुलं कागदात गुंडाळताना भेटल्या. एडिनबरात राहायलाही नव्हत्या, पहाटेची गाडी धरून आल्या होत्या. पाणी बदललं, एक देठ कापून आखूड केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि निघाल्या.

पाटणला पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, तसाच साक्रीकडच्या बळसाण्याच्या देवळांनाही. फलक हवाच, पण पाळी कुणाची? नवरात्रात पाटणादेवीला माणूस मावत नाही, त्यातले किती जण महादेवाच्या देवळाकडे वळतात? चाळीसगाव-धुळ्याच्या गणिताच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा, पाळी लावून, आपला वर्ग तिथे न्यावा, मुलांना त्या देवळाच्या भिंतीचे कोन मोजायला लावावेत आणि भास्कराचार्यांचं एक उदाहरण तिथेच सोडवून घ्यावं. बसभाड्याला माझा वाटा मी इथून पाठवीन, आणि इथल्या खानदेशी मंडळींकडूनही गोळा करीन.