सोवळ्याचें माहेर

मातोश्रींचें कोशाचें सोवळें यंदा पार विरलें. नवें आणण्याची गोष्ट निघतांच त्या म्हणाल्या, "दुकानांतलें नको. जेथें निपजतें तेथूनच आणा." आज्ञेचें निमित्त मिळतांच आम्हीं भाद्रपदांत नागपूर सोडलें आणि उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत, वैनगंगा ओलांडून आरमोरीस पोहोंचलों. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतलें हें गांव १९८२ सालापासून गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें.

गांव लहान, परंतु कोशासाठीं त्याचा लौकिक मोठा. तुतीवरचा रेशीमकिडा छपराखालीं पोसतात. टसराचा मात्र रानांत, ऐन-अर्जुनाच्या उघड्या झाडांवर वाढतो. महिना-सव्वा महिना तो पाला खातो, चार वेळां कात टाकतो आणि मग डहाळीला देठानें टांगलेला टणक कोश विणतो. तोंवर कावळे, मुंग्या, गांधीलमाशा यांपासून त्याला राखावें लागतें. हें काम येथील ढीवर मंडळी पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत.

अशाच एका राखणदारास भेटावयास आम्ही मोठ्या उत्साहानें गेलों. झाडांशीं पोहोंचतों न पोहोंचतों तोंच आंतून आवाज आला, "तेथंच थांबा जी! आंग धुतल्याबिगर अंदर येऊं नका!"

आम्ही जागच्या जागीं थबकलों. 'शिवूं नका, लांब व्हा' हें आमच्या घरानें आजवर दुसऱ्यांस ऐकविलें. आपणांस ऐकावें लागण्याचा हा पहिलाच प्रसंग. खरें सांगावयाचें तर क्षणभर रागच आला.

मग त्या गृहस्थानें दुरूनच समजाविलें. किडे झाडावर असेपर्यंत तो रोज स्नान करतो, मांसमासळी वर्ज्य करतो, झोपडींत एकटाच निजतो. ओंगळ हात लागला कीं किड्यांवर रोग पडतो आणि सारें पीक जातें. त्याच्या सोवळ्यांत त्या जिवांची काळजी होती. कोणास हलकें लेखणें नव्हतें. अंगावर मात्र त्याच्या जाडेंभरडें सुतीच होतें.

धागा अखंड निघावा म्हणून कोशांतल्या जीवाचा शेवटीं वाफेनें अंत करतात, हेंही तेथेंच कळलें. आमच्या पवित्र वस्त्राच्या पोटीं एवढें सारें असेल, हें कधीं मनांतही आलें नव्हतें. परततांना नागभीडास सोवळें घेतलें. करवतीच्या दांत्यांसारख्या कांठाचीं, करवतकाठी म्हणून प्रसिद्ध असलेलीं लुगडीं तिकडील आणि भंडाऱ्याकडील विणकरांचींच.

घरीं येऊन मातोश्रींस सारें सांगितलें. बराच वेळ त्या वस्त्र मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या आधीं तोच पाळतो तर याचें सोवळें!"

दुसऱ्या दिवशीं तें नेसून त्या पूजेस बसल्या. फुलें आणणारी मुलगी नेहमींप्रमाणें उंबऱ्याबाहेर थांबली.

"बाहेर कां उभी? ये, आंत ये," मातोश्री म्हणाल्या.