भरल्या पाण्याचा तळ

'तळ दिसणे' या शब्दांचा अर्थ आपण कोणत्या मुलखात वाढलो, यावर ठरतो. परभणी–जिंतूर मार्गावरील आमच्या झरी गावात विहिरीचा तळ दिसला, म्हणजे पाणी संपले. १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलताना वडीलधारी माणसे आजही हेच शब्द वापरतात.

पुढे अंदमानात वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाणे झाले आणि काचेच्या तळाच्या नावेत बसण्याचा योग आला. फेरी छोटीशीच होती. नावेच्या मधोमध बसवलेल्या काचेतून प्रवाळ व त्यांभोवती फिरणारे मासे स्पष्ट दिसत होते. पाणी भरलेले होते आणि तळही दिसत होता! माझ्या शब्दसंग्रहाला हा अनुभव सर्वस्वी नवा होता.

प्रवाळ दगडासारखा भासला, तरी ती सूक्ष्म जीवांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले, की शैवाल बाहेर टाकले जाते व प्रवाळ पांढरा पडतो. हा परिसर १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तरीही २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असे पांढरे पडले. संरक्षणाची सीमा माणसाला अडवते, उष्णतेला नाही.

विहीर आटवणारे ऊन आणि समुद्र तापवणारे ऊन वेगळे नाही. म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपलाही त्या तळाशी संबंध आहे. तुमच्या गावात 'तळ' हा शब्द काय सांगतो, ते एकदा लिहून पाहा.