चावी कुणी मागायची?

आमच्या वस्तीत दारूला कुणीही चांगले म्हणत नाही. विहारात लहानथोर सगळे हात जोडून पाचवे शील घेतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरीही हळदीच्या रात्री मंडपामागे बैठक बसते आणि आम्ही कार्यकर्ते पुढे खुर्च्या मोजत राहतो. (हळद आपल्या पद्धतीत बसते का, हा वाद पुन्हा केव्हातरी.)

2019 च्या मे महिन्यात मुलुंडला नात्यातली अशीच एक हळद होती. संध्याकाळची वंदना आम्हीच घेतली होती. रात्री साडेबाराला पुतण्या मोटारसायकल काढू लागला. दोन हातांवरून वास येत होता. मागे त्याचा मित्र बसला. दोघांना घाटकोपरला जायचे होते. कुणीतरी सांगितले, "हायवेला नाकाबंदी आहे, एलबीएसने जा." आम्ही म्हणालो, "सावकाश जा रे." तो म्हणाला, "काका, काळजी नको, हात साफ आहे आपला." वीस-पंचवीस माणसे उभी होती, चावी मागणारा एकही निघाला नाही. लग्नघरात चारचौघांदेखत पोराचा अपमान कशाला, असे आम्हालाही वाटले.

भांडुपच्या पुढे रस्त्याकडेला उभ्या हातगाडीवर मोटारसायकल आदळली. पुतण्याला खरचटले. मागच्या मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हातगाडीखाली एक हमाल झोपला होता, त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याची चौकशी करायला पहिले दोन दिवस आमच्यातले कुणी गेले नाही. इस्पितळात त्या मुलाची आई आम्हाला म्हणाली, "दादा, तुम्ही तर तिथंच होता ना?" एवढेच म्हणाली.

आता हे आठवा. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तिथे झोपलेल्या मजुरांपैकी 7 जण मेले, 8 जखमी झाले. चालवणारा तरुण प्यायलेला होता. खालच्या कोर्टाने 6 महिने दिले, हायकोर्टाने 3 वर्षे केली आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तेव्हा आम्ही वस्तीत तावातावाने बोललो होतो : श्रीमंताच्या पोराची नशा आणि गरिबाचा जीव! ते खोटे नव्हते. पण आमच्या पोराने हमालाला चिरडले तेव्हा आमच्याच तोंडी आले, "चुकून झाले, नशिबाने वाचले." नशीब हा शब्द आपण 1956 सालीच टाकायला हवा होता.

कायदा कडक आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडले की गुन्हा. पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांचा दंड, नाहीतर दोन्ही. 2007 पासून मुंबईचे वाहतूक पोलीस रात्री यंत्रात फुंकायला लावतात. त्यातून आम्ही काय शिकलो, तर नाकाबंदी कुठे आहे ते एकमेकांना फोनवर कळवायला. पाचव्या शीलात 'प्रमाद' हा शब्द आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. त्या रात्री पुतण्या प्यायला होता, पण न पिता बेसावध राहिलेले आम्ही वीस-पंचवीस जण होतो.

पुढच्या हळदीला आम्ही मंडपाच्या तोंडाशी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बसलो. पिणाऱ्याने चावी टाकायची, सकाळी चहाबरोबर परत घ्यायची. पोरे हसली. बायकांनी मात्र नवऱ्यांच्या खिशांतून चाव्या काढून आणून दिल्या. रात्री अकरापर्यंत डब्यात चार चाव्या जमल्या, त्यातली एक अजिबात न पिणाऱ्याची होती. पाचवी आम्ही स्वतः उठून व्याह्यांकडे मागितली. त्यांनी ती फेकून दिली आणि रिक्षाने गेले. तीन महिने आमच्याशी बोलत नव्हते.