हैदराबादचा फुगा आणि आपले शेत

सोलापूरकडून हैदराबादला जाणारे चारमिनार पाहतात, गोवळकोंडा पाहतात. शहराच्या एका कडेला ई.सी.आय.एल. भागात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे, तिकडे मात्र कोणी वाट वाकडी करीत नाही. १९६९ साली ते उभे राहिले.

हा जत्रेतला रबरी फुगा नव्हे. दुकानातल्या पिशवीसारख्या पातळ प्लॅस्टिकचा हा फुगा पूर्ण फुगला की पन्नास ते पंच्याऐंशी मीटर रुंद होतो. उडवायची वेळ रात्री आठ ते सकाळी साडेसहा. खळ्यावर उफणणी करताना आपण वाऱ्याची वाट पाहतो. इथली माणसे वारा पडण्याची वाट पाहतात. फुगा, दोर, हवाई छत्री, यंत्रे, साऱ्यांचे वजन आधी करायचे आणि त्या हिशोबाने हायड्रोजन भरायचा. हा वायू भडकणारा, तेव्हा ठिणगी म्हणून पडता कामा नये. एवढे करून फुगतो तो फक्त माथा. बाकीचा फुगा लुळा लोंबतो. नवख्याला वाटावे, भरायचे राहिलेच! पण तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे शंभराव्या हिश्शावर येतो आणि तोच वायू पसरून फुगा गच्च भरतो. वाटेत सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी असते. तिथे साधे प्लॅस्टिक काचेसारखे तडकते, म्हणून त्याची पारख आधीच करावी लागते.

२० एप्रिल २००५ रोजी इथून गेलेल्या फुग्याखाली ४५९ किलोची यंत्रे होती. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा त्यांनी नळकांड्यांत भरून आणली. तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले; एकीला आर्यभटाचे नाव दिले आहे.

आता आपल्या कामाचे. काम संपले की यंत्रे रंगीत छत्रीला लटकून खाली येतात. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात ती कुठेही उतरतात. तुरीत, ज्वारीत, बांधावरसुद्धा. छत्रीचे कापड पाहून घरच्या मंडळींना मोह होईल, पण हात लावू नका. पेटीत रात्रभराची मेहनत असते, शिवाय काही भागांत जबर वीजदाब असू शकतो. पोरांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात वर्दी द्या. पेटीवर पत्ता असतो. कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्चही मिळतो.